लेमीचा बेस आणि माझं पोस्टर

मोबाइलच्या स्पीकरवर गाणं लावलं की सगळ्यात आधी बेस गायब होतो. ड्रम वाजतात, गिटार किरकिरते, खाली नुसती पोकळी. मोटरहेडचा लेमी मात्र तिथेही ऐकू येतो. कारण तो बेस बेससारखा वाजवतच नव्हता.

लेमी किलमिस्टर मुळात गिटारवाला. १९७१ साली हॉकविंडमध्ये शिरला तेव्हा त्याच्या हातात बेस आला, पण हात गिटारचेच राहिले. एकेक सुटा सूर धरण्याऐवजी तो दोन-तीन तारा एकदम छेडायचा. रिकनबॅकर बेस, मार्शलचे अ‍ॅम्प, खालचा आवाज कमी आणि मधला चढवलेला. तिघांच्या बँडमध्ये ऱ्हिदम गिटार वाजवायला कुणी नव्हतंच, ते काम या खरखरीने केलं. 'एस ऑफ स्पेड्स' (१९८०) परत लावा. सुरुवातीला जे अंगावर येतं ती गिटार नाही, बेस आहे. मला हे कळायला चार वर्षं लागली, आणि मी स्वतःला मेटलवाला म्हणवत होतो!

१९७५ मध्ये कॅनडाच्या सीमेवर ड्रग्जपायी अटक झाली आणि हॉकविंडने त्याला काढून टाकलं. त्या बँडसाठी लिहिलेल्या शेवटच्या गाण्याचंच नाव त्याने नव्या बँडला दिलं. पुढची चाळीस वर्षं, बावीस स्टुडिओ अल्बम. 'सगळे एकसारखेच' ही तक्रार नेहमीची. निम्मी खरी आहे. मधल्या काळातले काही अल्बम मी एकदा ऐकले, पुन्हा लावावेसे वाटले नाहीत.

पण मग '१९१६' येतं. १९९१ च्या त्याच नावाच्या अल्बममधलं शेवटचं गाणं. पहिल्या महायुद्धात गेलेला सोळा वर्षांचा पोर बोलतोय. गिटारची भिंत काढून टाकलेली, मागे चेलो, आणि पुढे तो फाटका घसा अगदी हळू. इथे तो घसा कुणाला घाबरवत नाही, स्वतःच घाबरलेला वाटतो. हे त्याला जमत होतं, तरी त्याने ते फार क्वचित केलं. याचा मला राग आहे.

माझ्या हॉस्टेलच्या दारावर त्याचं पोस्टर होतं. उंच लावलेला माइक, वर केलेली मान, आणि खाली मी मार्करने काढलेली व्हिस्कीची बाटली. ती बाटली मला त्याच्या कलेचा भाग वाटायची. मग सप्टेंबर २०१५ च्या ऑस्टिनच्या कार्यक्रमाचा व्हिडिओ पाहिला. काही गाण्यांनंतर तो थांबतो, जमत नाहीये असं सांगतो आणि काठी टेकत निघून जातो. लोक टाळ्या वाजवतात. त्या टाळ्यांत मीही होतो, घरी बसून. त्यानंतरही तो दौऱ्यावर गेलाच. शेवटचा कार्यक्रम ११ डिसेंबरला बर्लिनमध्ये. २४ ला सत्तर पूर्ण झाली, २८ ला गेला.

याला निष्ठा म्हणावं की हट्ट? बाटलीचं कौतुक करणाऱ्या माझ्यासारख्यांनी 'निष्ठा' म्हणणं फार सोयीचं आहे. त्याच वर्षीच्या 'बॅड मॅजिक'मध्ये 'टिल द एंड' नावाचं संथ गाणं आहे. आवाज थकलेला आहे, लपवलेला नाही. सोळा वर्षांच्या त्या पोराला दिलेला घसा इथे त्याने स्वतःसाठी वापरलाय. हा लेमी पोस्टरवर कधीच नव्हता.