प्रयोजक कर्ता आणि स्वयंचलित क्लिक

संगणकीय खेळातील एकच क्लिक सहस्रावधी वेळा करावयाची असता ते काम चार ओळींच्या आज्ञावलीकडे सोपविणे हा लबाडीचा प्रकार मानावा काय? या प्रश्नाचे उत्तर बहुधा नीतीच्या परिभाषेत दिले जाते. वस्तुतः तो प्रथम व्याकरणाचा प्रश्न आहे.

फ्रेंच रचनाकार ज्युलियाँ तिएनो यांचा ‘कुकी क्लिकर’ (२०१३) हा खेळ उदाहरणादाखल घेता येईल. पडद्यावरील बिस्किटावर क्लिक केले की प्रारंभी एक बिस्किट जमा होते. अशी १५ बिस्किटे जमताच एक ‘कर्सर’ विकत घेता येतो आणि तो दर १० सेकंदांस एक क्लिक आपण होऊन करतो. म्हणजेच ‘दाबणे’ या क्रियेचे ‘दाबविणे’ हे प्रयोजक रूप या खेळाच्या व्याकरणातच अंतर्भूत आहे. पाणिनीने स्वतंत्र असेल त्यास कर्ता म्हटले आणि त्या कर्त्यास प्रवृत्त करणाऱ्यालाही कर्तृत्व दिले. त्या न्यायाने काम दुसऱ्याकडून करविणारा खेळाडू कर्तेपण गमावीत नाही.

मग ‘ऑटोहॉटकी’त लिहिलेली आज्ञावली निराळे काय करते? क्लिक कर, १०० मिलिसेकंद थांब, पुन्हा तेच कर, एवढाच तिचा आशय. सेकंदास सुमारे १० क्लिक, म्हणजे १०० प्राथमिक कर्सरांचे काम, ती एकटी उरकते. प्रत्येक खरेदीगणिक किंमत १५ टक्क्यांनी वाढत असल्यामुळे खेळात शंभरावा कर्सर दीड कोटीहून अधिक बिस्किटांना पडतो. खेळ प्रयोजकत्वाचे मोल घेतो. आज्ञावली ते फुकट मिळवून देते. आक्षेपास जागा असेल तर ती येथे आहे, स्वयंचलनात नव्हे. अतिशय वेगाने क्लिक केल्याबद्दल खेळ जे मानचिन्ह देतो, तेही आज्ञावलीमुळे निरर्थक होते, कारण ज्या बोटाच्या चपळाईचा ते निर्देश करते ते बोटच तेथे नसते.

तथापि ज्याचा हात दुखावलेला आहे, त्याच्या दृष्टीने हीच आज्ञावली खेळाचे द्वार उघडते. शिवाय एकाच बिंदूवर क्लिक करणाऱ्या आज्ञावलीस अवचित प्रकटणारे सोनेरी बिस्किट दिसत नाही, आणि पुढे काय विकत घ्यावे हेही ती ठरवीत नाही. निवडीचे हे कार्य खेळाडूकडेच राहते. सबब आज्ञावलीचा खरा उपयोग समीक्षकास आहे. ती चालू केल्यावर खेळात जे शिल्लक उरते, तेवढ्यापुरताच खेळाडू त्या कृतीचा स्वतंत्र कर्ता होता, असे म्हणावे लागते.