मजा कुठे आहे : गणितात की बक्षिसात?

आजचा विषय छोटा वाटेल, पण होमस्कूलिंग करणाऱ्या घरांत तो रोज समोर येतो. मूल सहा-सात वर्षांचं आहे. तिसरी-चौथीची बेरीज-वजाबाकी त्याला येते, पाढेही झालेत. आता सरावाला काय द्यायचं? आणि जे द्यायचं ते 'मजेदार' हवं, असं सगळेच आईबाबा म्हणतात. आज आपण या 'मजेदार' शब्दाचीच तपासणी करू. एखाद्या पुस्तकाचं परीक्षण करावं, तसं या साहित्याकडे बघू.

आमची कसोटी अशी आहे. साहित्यातले गुण, तारे, टाळ्या, रंगीत चित्रं मनातल्या मनात काढून टाका. मागे जे गणित उरेल, ते मुलाला आणखी एकदा करावंसं वाटेल का? वाटणार असेल, तर मजा गणितात आहे. नाहीतर ती वरून लावलेली आहे.

पहिला प्रकार खेळवजा अ‍ॅप्सचा. बरोबर उत्तर दिलं की राक्षसावर वार होतो, नाणी मिळतात. मूल तासभर बसतं आणि आपण खूश होतो. पण या तासात गणितं किती झाली, ते एकदा मोजून बघा. शिवाय पुढे गेलेलं मूल हुशार असतं. सोपी गणितं सोडवून नाणी लवकर मिळतात, हे त्याच्या फार लवकर लक्षात येतं. मग अवघड गणित त्याला नाण्यांच्या वाटेतला अडथळा वाटू लागतं.

दुसरा प्रकार वेगाचा. घड्याळ लावून पानभर गणितं, अ‍ॅबॅकसच्या पातळ्या, वगैरे. पाढे तोंडात बसले पाहिजेत, हे आम्हालाही मान्य आहे. पण जे येतं तेच आणखी भराभर करणं, एवढाच सराव झाला, तर मुलाच्या मनात 'गणित येणं म्हणजे पटकन येणं' असं बसतं.

तिसरा प्रकार म्हणजे थेट पुढच्या इयत्तेचं पुस्तक. ही वाट सरळ दिसते, पण मुलाचा हात आणि वाचन सहा वर्षांचंच असतं. चौथीचं शाब्दिक उदाहरण त्याला समजतं, पण चार ओळी लिहिताना बोटं दुखतात. आपण समजतो, गणिताचा कंटाळा आला. खरं तर कंटाळा लिहिण्याचा असतो. अशा वेळी तोंडी घ्या, किंवा तुम्ही लिहा आणि त्याला सांगू द्या. आणि घाई कशाची? एनआयओएसच्या दहावीलासुद्धा वयाची चौदा वर्षं पूर्ण लागतात. हातात वेळ भरपूर आहे. पुढे पळण्यापेक्षा आहे तिथेच खोल जाता येतं.

खोल जाणारं साहित्य आहे का? आहे. अमेरिकेतली 'बीस्ट अकॅडमी' ही मालिका बघा. तिच्यात राक्षस आहेत, चित्रकथा आहे, पण सरावाच्या पुस्तकात विनोद बाजूला ठेवला तरी कोडी उरतात. ती आमच्या कसोटीला उतरते. उणिवाही आहेत. भाषा इंग्रजी, विनोद शब्दांवर खेळणारे. मराठीत वाढणाऱ्या मुलासोबत मोठ्या माणसाला बसावंच लागतं.

पण विकत घेण्याआधी आपल्याच घरातलं बघू. नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर असलेले द. रा. कापरेकर यांनी 1949 मध्ये 6174 या संख्येची गंमत मांडली. कोणतेही चार अंक घ्या, फक्त चारही सारखे नकोत. त्यांची मोठ्यात मोठी संख्या करा, लहानात लहान करा, वजाबाकी करा. उत्तराचे अंक घेऊन पुन्हा तेच. 3524 घेऊ. 5432 वजा 2345 म्हणजे 3087. मग 8730 वजा 0378 म्हणजे 8352. मग 8532 वजा 2358 म्हणजे 6174. पुढे कितीही करा, 6174 च येतं. सातपेक्षा जास्त पायऱ्या कधीच लागत नाहीत.

आता समीक्षक म्हणून बघा, इथे काय घडलं? हातच्याच्या वजाबाक्या मुलाने स्वतःहून केल्या. 'सात पायऱ्या लागणारी संख्या शोध' म्हटलं, की आणखी पंधरा-वीस होतात. तपासायलाही आई नको, कारण प्रत्येक उत्तराच्या अंकांची बेरीज 9 च्या पाढ्यात आली पाहिजे. 3087 चे 18, 8352 चे 18. नाही आली, तर कुठेतरी चुकलं. मग विचारा, तीन अंक घेतले तर? तिथे 495 येतं, पण ते मुलाला सांगू नका.

तसाच पत्त्यांचा डाव. एक ते दहाची चार पानं उलटायची आणि बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार वापरून 24 करायचे. 1, 2, 3, 4 आले तर चौघांचा गुणाकार 24 होतो. पण पहिल्या तिघांची बेरीज करून चाराने गुणलं तरी 24. 'अजून एक मार्ग आहे का?' हा प्रश्न कोणत्याही ताऱ्यापेक्षा जास्त वेळ मुलाला बसवून ठेवतो.

आम्ही एवढा आग्रह का धरतो? शाळेत निदान शेजारच्या बाकावरचा मित्र अडलेला दिसतो. घरी शिकणाऱ्या, पुढे असलेल्या मुलाला अडणं ठाऊकच नसतं. त्याचं कौतुकच होत राहतं. मग दहाव्या-बाराव्या वर्षी पहिलं खरं अवघड गणित समोर आलं, की ते म्हणतं, 'मला गणित येत नाही.' आणि वही मिटतं. म्हणून सरावात आठवड्याला एक तरी गणित असं असावं, की जे त्या दिवशी सुटणार नाही. ते फ्रिजवर चिकटवा. उत्तर सांगू नका. जेवताना मुलानेच विषय काढला, तर निवड बरोबर झाली असं समजा.

आता तुमचे प्रश्न घेऊ.