समारंभांतील ‘आपण’

शाळांच्या स्नेहसंमेलनांचा हंगाम आला, कीं मुख्याध्यापकांच्या भाषणांसही बहर येतो. डिसेंबर-जानेवारींत कोल्हापुरांतील एखादाच रविवार त्यांच्यावांचून जात असेल. वयोमानानें आम्हांला अध्यक्षस्थानीं बसविण्याची चाल पडल्यामुळें अशीं भाषणें ऐकण्याचें (आणि करण्याचें) पुण्य आमच्याही पदरीं पुष्कळ जमलें आहे. तेव्हां प्रस्तुत टीकेचा थोडासा मार आमच्याच पाठीवर बसणार, हें वाचकांनीं गृहीत धरावें.

ॲरिस्टॉटलनें वक्तृत्वाचे तीन प्रकार मानले: राज्यसभेंतील, न्यायसभेंतील व समारंभांतील. पहिल्या दोहोंत श्रोत्याला निर्णय द्यावयाचा असतो. तिसऱ्यांत तो केवळ प्रेक्षक असतो. म्हणूनच तो बेसावध असतो. आपलें मन वळविलें जात आहे, ही शंकाही त्याला शिवत नाहीं.

हें वळविण्याचें मुख्य साधन म्हणजे ‘आपण’ हा शब्द. इंग्रजींत एकच सर्वनाम जें झांकून नेतें, तें मराठींत उघडें पडतें: ‘आम्ही’ म्हणजे ऐकणाराला वगळून, ‘आपण’ म्हणजे त्याला धरून. “आपल्या शाळेचा निकाल शंभर टक्के लागला,” असें वक्ते म्हणतात आणि पालक सुखावतात. मग इमारतनिधीची गोष्ट निघते, तेथेंही “आपण सर्वांनीं हातभार लावला पाहिजे.” परंतु नववींतूनच शाळा सोडून गेलेल्या मुलांचा विषय आला, कीं वाक्यांतील कर्ताच नाहींसा होतो. “गळती होते.” जणूं कौलांतून! शंभर टक्के हे परीक्षेस बसलेल्यांचे, हा खुलासा कोणी करीत नाहीं.

याच करवीरांत १९१७ सालीं शाहू महाराजांनीं प्राथमिक शिक्षण सक्तीचें व मोफत केलें आणि मूल शाळेंत न पाठविणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेवला. मूल कोणाचें, तें घरीं कोणीं ठेवलें, भुर्दंड कोणीं सोसावयाचा, हें सारें त्यांत ठरलेलें होतें. दंडाची भाषा समारंभास शोभणार नाहीं, हें आम्हांस मान्य आहे. पण वाक्याला कर्ता असला तर समारंभाचें काय बिघडतें?

दुसरें लाडकें साधन वटवृक्षाचें. कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं १९१९ सालीं स्थापिलेल्या रयत शिक्षण संस्थेच्या बोधचिन्हांत वड आहे, आणि तेथें तो शोभतो. पारंबी जमिनीस टेकली कीं तिचेंच खोड होतें. आतां चार खोल्यांवर एक मजला चढला, तरी रोपट्याचा वटवृक्ष झालाच म्हणून समजावें.

गेल्या वर्षीं पंचगंगेपलीकडील एका शाळेंत मुख्याध्यापिकाबाई अहवाल वाचीत होत्या. त्या म्हणाल्या, “यंदा पांच मुलें आम्हांला टिकवितां आलीं नाहींत. दोघांच्या घरीं आम्ही जाऊन आलों. तिघांकडे जाणें राहिलें.” टाळ्या पडल्या नाहींत. मागें बसलेल्या एका गृहस्थांनीं मात्र मुलांचीं नांवें विचारलीं. लगेच अध्यक्षीय समारोप होता. आमच्या टिपणांत वटवृक्ष होता. तो आम्हीं गाळला.