चौथऱ्यावरची आणि जमिनीवरची शिल्पे

देवळातल्या मूर्तीला आपण प्रदक्षिणा घालतो. चौकातल्या पुतळ्याला मात्र खालूनच नमस्कार करून पुढे जातो. या दोन पाहण्यांत किती अंतर आहे, हे ज्याला पडताळायचे असेल त्याने पॅरिसमधील रोदाँ संग्रहालयाची बाग अवश्य पाहावी.

शिल्पकार ऑग्यूस्त रोदाँ याने आपली कलासंपदा १९१६ मध्ये फ्रेंच सरकारच्या स्वाधीन केली. पुढच्याच वर्षी तो वारला, आणि ज्या जुन्या वाड्यात तो काम करीत असे तेथे १९१९ मध्ये हे संग्रहालय उघडले. वाड्याच्या सुमारे तीन हेक्टरांच्या बागेत त्याची ब्राँझची मोठी शिल्पे ऊनपावसात उभी आहेत.

आल्यागेल्याची पावले प्रथम वळतात ती हनुवटीला हात लावून बसलेल्या 'विचारमग्ना'कडे. उंच चौथरा, भोवती कातरलेली झाडे, सारा थाट राजाचा! पण या मानाच्या आसनाने शिल्पाचे थोडे नुकसानच झाले आहे, असे मला वाटते. मुळात हा पुरुष 'नरकद्वार' या प्रचंड दरवाजासाठी घडवलेला. १८८० मध्ये हाती घेतलेला, सहा मीटरांहून उंच असा तो दरवाजाही याच बागेत आहे. तेथे कोसळत्या, तडफडत्या देहांच्या वर तो लहानसा बसलेला दिसतो, आणि त्याच्या चिंतनाचा विषय आपोआप उमगतो. १९०४ मध्ये मोठा करून मांडलेला हा एकाकी पुरुष भव्य खरा, पण त्याचे दुःख दरवाजावरच राहून गेले.

याच्या उलट गोष्ट 'कॅलेच्या नागरिकां'ची. १३४७ मध्ये इंग्लंडच्या राजाने वेढलेले कॅले शहर वाचवण्यासाठी सहा प्रतिष्ठित नागरिक गळ्यात दोर अडकवून, वेशीच्या किल्ल्या घेऊन मरणाला सामोरे गेले. पुढे राणीच्या रदबदलीने ते वाचले. पण रोदाँने पकडला तो निघण्याचा क्षण. यांत पुढारी कोणी नाही. एकाने डोके हातांत गच्च धरले आहे, एकाची मान खचली आहे. हे वीर जमिनीलगत, येणाऱ्याजाणाऱ्याच्या बरोबरीने उभे असावेत, अशी शिल्पकाराची इच्छा. कॅलेकरांनी १८९५ मध्ये ते उंच चौथऱ्यावर चढवले. १९२४ मध्ये, रोदाँच्या पश्चात, नगरभवनासमोर ते खाली उतरले.

आता कुणी म्हणेल, हे सारे दिवाणखान्यातही पाहता आले असते. नाही. घरातला दिवा एकाच बाजूने बोलतो. बागेत ऊन सरकते, तसा आता दिसलेला निर्धार घटकाभराने भीतीसारखा भासू लागतो. रोदाँने मुद्दाम खडबडीत ठेवलेल्या अंगांवर ढगांची सावलीही कोरीव काम करते.

कधी पॅरिसला जाण्याचा योग आला, तर मुलांना बरोबर न्या आणि त्या सहाजणांभोवती मोकळे सोडा. सहाही चेहरे एका जागेवरून नीट दिसत नाहीत. सहावा शोधण्यासाठी ती आपणहून फेरी घालतील.