सागातला स्वार

मेळघाटच्या कोरकू आदिवासींचा मुंडा नीट पाहायचा तर आपल्याला आधी वाकावे लागते. दिवंगतांच्या स्मरणार्थ घडवलेला हा लाकडी खांब जेमतेम दोन-अडीच फुटांचा, असे रसेल आणि हिरालाल यांच्या 1916च्या ग्रंथात नोंदलेले आहे. त्यासाठी निवडायचे ते सागाचे किंवा साळईचे झाड निर्दोष हवे. त्याला सूत गुंडाळायचे, सात फेरे घालायचे आणि मगच कुऱ्हाड लावायची. म्हणजे शिल्पाच्या आधी झाडाचा मान!

गुळगुळीत तासलेल्या या खांबाचा माथा पुष्कळदा बाणाच्या फाळासारखा असतो. वरच्या अंगाला सूर्य आणि चंद्र, सोबत कोळी आणि माणसाचा कान. या कानापाशी आपण जरा रेंगाळू. डोळा नाही, ओठ नाही, एकटा कान. गेलेल्याला आपली हाक ऐकू जावी ही मागे राहिलेल्यांची सारी ओढ मला त्या एका खुणेत एकवटलेली दिसते. लायबेरिया आणि आयव्हरी कोस्टच्या किनाऱ्यावरचे ग्रेबो कलावंत मुखवट्याचे डोळे खोबणीत न खोदता नळ्यांसारखे पुढे काढतात, आणि त्या नवलाईने भारलेल्या पिकासोच्या संग्रही असा मुखवटा होता. अवयवाची नक्कल सोडून त्याची शक्तीच लाकडात उतरवण्याचे ते धैर्य आपल्या धारणी-चिखलदऱ्याच्या रानातही आहे, हे पाहून मन सुखावते.

कानाखाली येतो तो ज्याच्यासाठी मुंडा घडवला तो माणूस, घोड्यावर स्वार आणि हाती शस्त्र घेतलेला. डोंगरउतारावर कोदो-कुटकी पिकवत जन्म काढलेल्या कष्टकऱ्यालाही इथे राजाची बैठक मिळते, आणि वर सूर्य-चंद्र असल्यामुळे एवढ्याशा खांबात त्याच्या वाटेला अवघे आकाश येते.

आता मुंड्याला वळसा घालून आपण मागची बाजू पाहू. खरी रीत माणशी एका मुंड्याची. पण गरिबाघरी साऱ्या कुटुंबाचा मिळून एकच, आणि उरलेल्या पूर्वजांच्या आकृती त्याच्या पाठीवर. ऐपत तोकडी पडली तिथे कल्पकता धावून आली, आणि पुढचा एकाकी स्वार आपल्या गोतावळ्यासह निघाला. मानाची जागा एकाला देतानाही कुणाला विसरायचे नाही, हा कोरकू कारागिराचा मोठेपणा. वऱ्हाडच्या काष्ठशिल्पाचे खरे वैभव मला याच पाठीवर सापडते.