जावा स्विंगमधील अंतर्भूत घटकांचा संवाद : एक चिकित्सा

डेस्कटॉप आज्ञावलीत खिडकीत पॅनेल व पॅनेलमध्ये बटण अशी उतरंड असते. बटण दाबल्याची वार्ता खिडकीस देण्यासाठी आतील घटक अनेकदा ‘गेटपेरेंट’द्वारे वरच्या घटकाचा शोध घेतो. ही पद्धत सुलभ भासते. परंतु मध्ये एक पॅनेल वाढताच कोलमडते. येथे भिवपुरीचा दाखला उद्बोधक आहे. तेथील टाटांचे जलविद्युत केंद्र १९२२ पासून ठोकरवाडी धरणाच्या पाण्यावर वीज निर्माण करते व ते पाणी उल्हास खोऱ्यात सोडते. पुढे ते कोण उचलतो, यावर जनित्राची रचना अवलंबून नसते. तद्वतच आतील घटकाने केवळ घटना घोषित करावी. श्रोत्याची नोंदणी बाहेरील घटकाने करावी. श्रोते वाढल्यास घटनेचा माग काढणे कठीण होते, ही या पद्धतीची मर्यादा होय. तथापि घटकाच्या पुनर्वापरासाठी तीच श्रेयस्कर ठरते.