यंत्र थांबते तेव्हा

नाटक म्हटले की आपल्या मनात पडदा, तिसरी घंटा आणि तीन अंक उभे राहतात. परप्रांतातील आपली मराठी मंडळे गणेशोत्सवात नाटक बसवितात तेही याच अपेक्षेने. या चौकटीबाहेरचे, कारखान्याच्या फाटकाशी उभ्याउभ्या केलेले नाटक वाङ्मयीन विचारास पात्र आहे काय, असा प्रश्न सुजाण रसिकही करतात. आमच्या मते ते नि:संशय पात्र आहे. मात्र त्यास कसलीही सवलत देऊ नये. विषय निकडीचा आहे एवढ्यानेच नाटक चांगले ठरत नाही.

हे पारखण्यास दिल्लीच्या जन नाट्य मंचाचे ‘मशीन’ हे हिंदी पथनाट्य घ्यावे. १९७३ साली स्थापन झालेली ही संस्था आरंभी मोठी नाटके करीत असे. आणीबाणी उठल्यानंतर कामगार संघटनांना अशा प्रयोगांचा खर्च पेलेनासा झाला. मंच नको, दिवे नकोत, वेशभूषा नको असे लहानसे नाटक हवे झाले आणि १९७८ साली ‘मशीन’ उभे राहिले. सफदर हाश्मी व राकेश सक्सेना हे त्याचे लेखक. या नाट्यप्रकाराचे रूप असे आधी पैशाच्या अडचणीने ठरविले. त्यातील सौंदर्याचा विचार मागाहून आला.

नाटकाचे बीज दिल्लीलगतच्या गाझियाबाद परिसरातील एका कारखान्यात घडलेल्या प्रसंगात आहे. कामगारांच्या मागण्या दोन होत्या : सायकली ठेवण्यास जागा आणि चहा घेण्यास सोय. मागण्या नाकारल्या गेल्या, तंटा वाढला, गोळ्या झाडल्या गेल्या आणि कामगार मरण पावले.

आमच्या वाचकांपैकी कित्येकांच्या मेजावरून असे अर्ज गेले असतील. १९४८ च्या कारखाना कायद्यात अडीचशेहून अधिक कामगार असतील तेथे उपाहारगृहाची सक्ती करणारे नियम राज्य शासनाला करता यावेत, अशी तरतूद होती. तिचे कलमही अनेकांस पाठ असेल. अर्ज येतो तो कार्यालयाच्या भाषेत येतो. ‘कल्याणविषयक सोयी’ या शब्दांखाली सायकल दिसेनाशी होते, आणि पाळी सुटल्यावर ती शोधीत फिरणारा माणूसही. कागदाने मागणी लहान होते. नाटकाने ती पुन्हा माणसाएवढी होते. या प्रकाराचे खरे सामर्थ्य आम्हांस येथे दिसते.

हे सामर्थ्य घोषणांनी आलेले नाही, रचनेने आले आहे. नटांचीच शरीरे एकमेकांत गुंतून यंत्र होतात. त्यांचे हात फिरतात, तोंडून घरघर निघते. मग यंत्र अकस्मात थांबते. कामगार, मालक आणि पहारेकरी हे तिघेही त्या यंत्राचे भाग आहेत. पहारेकरी हा गोळी घालणारा खरा, पण तोही पगारी माणूसच, हे कोणी बोलून दाखविण्यापूर्वी प्रेक्षकाच्या डोळ्यांना कळते. पाव तासाच्या आतबाहेरच्या नाटकात एवढे साधणे हे कसबाचे काम आहे.

उणीवही सांगितली पाहिजे. ‘मशीन’चा सूत्रधार प्रश्न विचारतो, परंतु कामगारांच्या बाजूला चिमटा काढीत नाही. येथे आम्हांस अण्णा भाऊ साठे यांची आठवण होते. १९४४ साली अमर शेख व गवाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभारले. पुढे तमाशाच्या गणातून गणपतीस रजा दिली, गवळण वगळली, परंतु सोंगाड्या ठेवला. सोंगाड्या कोणाचाच मिंधा नसतो. पाटलाला हसतो तसा प्रेक्षकालाही हसतो. त्याच्यामुळे उपदेश पचतो. पुढे निघालेल्या असंख्य पथनाट्यांत हा सोंगाड्याच हरवला. ढेरपोट्या शेठ, टोपीवाला पुढारी आणि लाचखाऊ साहेब एवढी तीन सोंगे आणली की नाटक झाले, असा समज पसरला. साहेबाची थट्टा होते याचे आम्हांस दु:ख नाही. साहेब ज्या यंत्रात अडकला आहे ते लेखकाने पाहिलेलेच नसते, हे दु:ख आहे.

तात्कालिकतेचा आक्षेप मात्र आम्ही अर्धाच मान्य करतो. दिल्लीच्या बसभाडेवाढीवर याच संस्थेने १९७९ साली ‘डीटीसी की धांधली’ केले. भाड्याचा प्रश्न मागे पडताच असे नाटक मागे पडणारच. त्याने आपले काम त्या आठवड्यात केलेले असते. ‘मशीन’चा प्रसंग विस्मरणात गेला तरी त्याची रचना उभी राहते. पहिले वृत्तपत्राच्या जातीचे, दुसरे वाङ्मयाच्या. दोघांचाही मान राखावा, पण टीकाकाराने त्यांत गल्लत करू नये.

अशा नाटकास किंमत किती पडते हेही विसरता येत नाही. १ जानेवारी १९८९ रोजी साहिबाबादजवळच्या झंडापुर येथे ‘हल्ला बोल’चा प्रयोग चालू असता हल्ला झाला. राम बहादुर नावाचा कामगार ठार झाला. दुसऱ्या दिवशी हाश्मी मरण पावले. ४ जानेवारीस त्यांच्या पत्नी मलयश्री यांनी सहकाऱ्यांसह त्याच जागी तो अपुरा प्रयोग पुरा केला. हौतात्म्याने नाटकाची गुणवत्ता वाढत नाही, हे खरे. परंतु ज्या शब्दांना कोणी इतके भ्यावे, ते केवळ करमणुकीचे नव्हते एवढे त्यावरून सिद्ध होते.

आपल्या मंडळांनी संगीत नाटके अवश्य करावीत. त्यासोबत, ज्या नगरात आपली बदली झाली आहे तेथील फाटकांवर आणि चौकांत कोणते नाटक चालते तेही पाहावे, आणि कठोरपणे पाहावे. टिपणीवर सही करण्यापूर्वी त्या मागणीचा आवाज एकदा कानी पडलेला असणे, हा रसिकतेचा भाग आहे तसा कर्तव्याचाही आहे.